उजव्या बुटातले खडे

गुरुवार, १८ सप्टेंबर. पहाटे पाच चाळीसला उठले. मागची पायरी आणि ओटा पुसला. वन्सं सात पाचला टेकडीवरून परत. खडे अकरा, उजव्या बुटाचे दहा, डाव्याचा एक. काळा चिखल बशीएवढा, तोही उजव्याचाच. मोरीतल्या नळाचा वायसर बदलून घेतला. दुपारी वन्सं बाहेर गेल्या असताना त्यांचे पळायचे बूट स्वच्छ धुतले. तीन महिन्यांत त्यांना कोणाचा हात लागला नव्हता. समाधान वाटलं.

एवढं लिहून मी खाली पट्टीने रेघ मारली. डायरी मी एरवी दिवे लागल्यावर लिहिते. पण त्या दिवशी समाधान पोटात मावेना, म्हणून दुपारी तीनलाच लिहून मोकळी झाले. दिवस संपायच्या आत दिवसाला रेघ मारू नये, ही अक्कल मला सत्तराव्या वर्षी आली.

वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा मी बावीस वर्षांची आणि वन्सं तेरा. दोन्ही गुडघे सोललेले, फ्रॉकची शिवण उसवलेली आणि पायांत काही नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नणंद आहे, अहो-जाहो करायचं." तेव्हापासून मी वन्संना अहो म्हणते आणि वन्सं मला अगं म्हणतात. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. आता उलटं करायचं म्हटलं तर आम्ही एकमेकींना ओ देणार नाही.

सासरे दगडाच्या खाणीवर मुकादम होते. घर खाणीच्या वर, शाळा खाणीच्या खाली, आणि मध्ये दोन मैल खडी, मुरूम आणि उघडा कातळ. भावंडांना वर्षाला बुटांचा एकच जोड मिळायचा. तो झिजू नये म्हणून दोघं नाड्या बांधून बूट गळ्यात अडकवायची, अनवाणी धावत खाली जायची आणि शाळेच्या फाटकाशी ते पायांत चढवायची. नोकरी लागल्यावर मिस्टरांनी अनवाणी धावणं सोडलं. वन्संनी फाटकाशी बूट चढवणं सोडलं.

माझं सगळं याच्या उलट. मी सात वर्षं नन्सच्या बोर्डिंगात काढली. दर सोमवारी एक सिस्टर आम्हाला ओळीत उभं करून बूट तपासायची. बुटात तिला स्वतःचं तोंड दिसलं तरच वर्गात सोडायची. घरची भाषा बोललं तर कोपऱ्यात उभं करायची, म्हणून मी घरच्या भाषेत डायरी लिहायला लागले, कारण वहीला कोणी कोपऱ्यात उभं करत नव्हतं. असं वळणदार अक्षर आणि चकाकते बूट घेऊन मी या घरात आले आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या पुसलेल्या फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटली. त्या दिवशीची नोंद अजून आहे: 'बोटं हाताच्या पंजासारखी पसरलेली. चवडा पूर्ण, टाच जेमतेम. वळण लावायला हवं.' म्हणजे पावलाला की मुलीला, ते लिहिलेलं नाही. दोन्हींपैकी एकालाही लागलं नाही.

पुढे वन्सं खेळाचे बूट बनवणाऱ्या कारखान्यात लागल्या. सँपल खात्यात, म्हणजे नवा बूट बाजारात जायच्या आधी जिथे त्याचे पहिले एक-दोन जोड हाताने होतात तिथे. बुटाचा वरचा भाग मशीनवर शिवायचं काम. प्रत्येक बूट एका फर्म्यावर चढवून तयार होतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. जसा फर्मा तसा बूट. कारखान्याचे सगळे फर्मे पुढे निमुळते होते आणि वन्संचा पाय पुढे पंख्यासारखा उघडलेला. त्यामुळे वन्संनी चौतीस वर्षं दुनियेच्या पायांचे बूट शिवले, पण स्वतः मशीनचं पायडल अनवाणी दाबलं. निवृत्त झाल्या त्या दिवशी कारखान्याने भेट काय द्यावी, तर बुटांचा जोड. तो आमच्याकडे माळ्यावर आहे. त्यात मी दिव्याच्या जुन्या वायरी ठेवते.

मिस्टर जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आम्ही दोघीच. जुनी खाण कधीच बंद पडली, पण टेकडी आमच्या मागच्या दारापासून सुरू होते आणि वन्सं रोज सहाला तिच्यावर पळायला जातात. आधी मुरमाची चढण, मग कातळ, मग खाणीत साठलेल्या तळ्याच्या काठचा काळा चिखल, आणि खडीवरून उतार. आत्ताआत्तापर्यंत सगळं अनवाणी. मी पाच चाळीसला पायरी पुसते आणि सात पाचला वन्सं ती पुन्हा घाण करतात. इतकं वेळापत्रक तर रेल्वेलाही जमत नसेल. त्यांनी उशिरा यावं किंवा मी उशिरा पुसावं, हा साधा उपाय मला कधी सुचला नाही. सुचला असता तर लिहायला काय उरलं असतं?

मागच्या मे महिन्यात वन्संची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला ठिकठिकाणी एक ताठ दोरा टेकवून विचारलं, "इथे कळतंय? इथे?" सगळीकडे कळलं. डाव्या करंगळीला कळलं नाही.

"आजपासून अनवाणी बंद," डॉक्टर म्हणाले. "काही टोचलं तर तुम्हाला समजणार नाही आणि जखम चिघळेल. पळायचं तर बूट घालून पळा, नाहीतर पळू नका." मग त्यांची नजर माझ्या सँडलकडे गेली. "आणि तुमच्या अंगठ्यांना काय झालं?"

"काही नाही. मी लहानपणापासून रोज बूट घालते."

"ते दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

माझे दोन्ही अंगठे शेजारच्या बोटांवर चढून बसलेले आहेत, गर्दीच्या बाकावर उशिरा आलेल्या जाड माणसासारखे. दवाखान्यापासून घरापर्यंत वन्सं मधूनमधून माझ्या पायांकडे बघून खोकत होत्या.

दुकानातून आणलेल्या बुटांत त्या तीन दिवस पळाल्या. दोन बोटं चेंगरली, चौथ्या दिवशी घोटा मुरगळून आल्या.

"वहिनी, घोड्याला झापडं बांधतात ना, तशी कोणी पायांना बांधल्यासारखं वाटतं. खाली खडा आहे का कातळ, काही कळत नाही. मला गादीवर नाही पळायचं."

"मग काय करणार?"

"काय करणार? सोडायचं."

सोडलं म्हणजे खरंच सोडलं. वन्सं सकाळी खिडकीशी बसून राहायच्या आणि टेकडीकडे पाठ करायच्या. माझी डायरी सांगते: 'फरशी स्वच्छ.' दुसऱ्या दिवशी, 'फरशी स्वच्छ.' पाचव्या दिवशी, 'फरशी स्वच्छ. चैन पडत नाही.' इतक्या वर्षांच्या भांडणाला समोरून उत्तरच येईना.

शेवटी त्या उठून जुन्या कारखान्यात गेल्या, फर्मेवाल्यांकडे. हे गृहस्थ चाळीस वर्षं फर्मे घासतात आणि दिवसाला चाळीस शब्द बोलतात. त्यांच्याबरोबर आता एक तरुण डिझायनर काम करते. तिच्या अंबाड्यात नेहमी स्टीलची मोजपट्टी खोचलेली असते, म्हणून सगळं खातं तिला पट्टी म्हणतं. कारखान्यात नेमका तेव्हा डोंगरावर पळणाऱ्यांसाठी बूट करायचा घाट चालला होता आणि त्यावरून वाद पेटला होता. खात्याच्या साहेबांना जाड मऊ तळ आणि त्याला खोल, दाटीवाटीच्या खाचा हव्या होत्या. पट्टीचं म्हणणं होतं, तळ पातळ ठेवा, पायाला जमीन कळू द्या.

वन्संचा पाय बघून पट्टीने अंबाड्यातली पट्टी काढली. फर्मेवाल्यांनी प्लास्टरमध्ये पावलांचे ठसे घेतले. मग दोघं टेकडीवर गेली आणि ओल्या शाडूच्या वड्या मुरमावर, कातळावर, खडीवर दाबून जमिनीचेही ठसे घेऊन आली. ते वाळवून खात्याच्या भिंतीवर ओळीने लावले. फर्मेवाले म्हणाले, "पायाचं माप सगळे घेतात." बाकीचं वाक्य आपण समजून घ्यायचं.

त्यातून वन्संच्या पायाच्या आकाराचा एक जोड तयार झाला. उजव्या बुटाला साहेबांचा तळ, डाव्याला पट्टीचा. उंचीत फरक दोन नाण्यांच्या जाडीचा, कमरेला जाणवणार नाही एवढाच. वन्संनी तो घालून रोज तीन महिने टेकडीवर पळायचं. १९ सप्टेंबरला बूट परत द्यायचे. कुठल्या खाचेत काय अडकलंय, कुठे रबर झिजलंय, कुठे त्याचे धागे निघालेत ते पाहून एकच तळ निवडायचा आणि त्याचाच साचा पाडायचा. आलेला जोड करवतीने कापून आतून बघणार, म्हणजे तोही जाणार. साचा डाव्याचा पडला तर वन्संना आयुष्यभर बूट मिळणार होते. उजव्याचा पडला तर त्या पुन्हा खिडकीशी बसणार होत्या.

यातलं मला त्या वेळी काहीच ठाऊक नव्हतं. वन्संनी जूनमध्ये बूट घरी आणले आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी, यांना हात लावू नकोस." मला राग आला. जशी काही मी लोकांच्या बुटांना हात लावायला टपलेली. कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मी विचारत नाही. मी नोंद करते.

तर त्या गुरुवारी उद्या बूट परत जायचे एवढंच मला माहीत होतं आणि वन्सं दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी बूट उलटे केले आणि ती बोर्डिंगातली सिस्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. इतका घाणेरडा जोड आमच्या घरातून बाहेर जाणार? साबणाचं कोमट पाणी केलं. ब्रशने घासलं. खाचांमधला चिखल हेअरपिनच्या टोकाला कापूस लावून काढला. कडेला रबराचे धागे लोंबत होते, ते नखांच्या कात्रीने एकसारखे कापले. डाव्याचा तळ उजव्यापेक्षा सपाट दिसला. मी मनात म्हटलं, बघा, किती घासत चालतात. नाड्या धुऊन त्यांना इस्त्री केली. नाड्यांना इस्त्री करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल तर आमच्याकडे या.

पाच वाजता वन्सं गालावर हात धरून आल्या. पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बूट ठेवलेले होते.

"वहिनी, हे काय?"

"धुतले. उद्या द्यायचे ना परत? तसेच दिले असते तर लोक काय म्हणाले असते?"

वन्संनी डावा बूट उचलला, उलटा केला, खाचांतून बोट फिरवलं. मग उजवा.

"खाचा कशाने काढल्यास?"

"हेअरपिनने."

"आणि या कडा?"

"धागे लोंबत होते. कापले. दोन्हीकडे सारखे आहेत, बघा."

वन्सं पायरीवर बसल्या. गालावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "त्यांना बूट नको होते गं," त्या म्हणाल्या. "त्यांना चिखल हवा होता."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, साहेबांचा तळ, पट्टीचा तळ, साचा, करवत. आवाज न चढवता सांगितलं. वन्सं चिडल्या असत्या तर मला चिडता आलं असतं. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

"आधी सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"हात लावू नकोस म्हटलं होतं."

"का लावू नको ते नव्हतं सांगितलं."

"हो. कारण ऐकून तू ते डायरीत लिहिलं असतंस, आणि..." वन्सं थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "डायरीत तू खडे लिहितेस ना?"

"घरातलं असतं सगळं. वायसर वगैरे."

"खडे लिहितेस. सुपलीत घेऊन मोजताना मी पाहिलंय तुला. कुठल्या बुटाचे ते लिहितेस?"

वन्सं आल्यावर डावा बूट पायरीच्या डाव्या कोपऱ्यावर आपटून तळातले खडे पाडतात आणि उजवा उजव्या. दोन वेगळे ढीग पडतात. ते एकत्र मोजणं मला अव्यवस्थित वाटलं होतं.

"साधारण लिहिते," मी म्हटलं.

"साधारण म्हणजे?"

"दोन रकाने आहेत."

वन्संनी बूट खाली ठेवले. "आण ती डायरी."

माझी डायरी मी कोणाला दाखवलेली नाही. मिस्टरांनाही नाही. पण हेअरपिनने तीन महिने कोरून काढल्यावर माणसाला कुठल्या तोंडाने नाही म्हणता येतं? मी एवढीच अट घातली की डायरी माझ्या हातात राहील आणि मीच वाचीन. म्हणजे नको तिथे मला उडी मारता येईल. संध्याकाळभर मी जूनपासूनची पानं चाळली आणि लक्षात आलं की उड्या मारायच्या तर मला वन्संपेक्षा जास्त सराव लागेल.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही सँपल खात्यात. पत्रा ठोकलेलं लांब टेबल, तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास, भिंतीवर दोरीने जोडीजोडीने टांगलेले फर्मे आणि त्यांच्या खाली टेकडीचे शाडूचे ठसे. साहेबांनी बूट हातात घेतले, उलटे केले, नाकाशी नेले.

"हे वापरलेत का?"

"तीन महिने," वन्सं म्हणाल्या. "काल माझ्या वहिनीने धुतले."

"आमच्या शोरूममध्येसुद्धा एवढे स्वच्छ नसतात."

देव मला क्षमा करो, क्षणभर मला बरं वाटलं.

पट्टी मात्र रडवेली झाली. फर्मेवाल्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशीच्या चाळीसपैकी एकही शब्द माझ्यावर खर्च केला नाही. साहेब म्हणाले, "मग आता माझ्या तळाचा साचा पाडायला हरकत नसावी. पुरावा तर साबणात गेला."

"पुरावा हिच्याकडे आहे," वन्सं म्हणाल्या. "वाच, वहिनी."

मी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. "२ जुलै. वन्सं सात दहाला परत. उजवे खडे नऊ, डावे शून्य."

वन्सं माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "वन्सं नाही लिहिलंय. घोडा लिहिलंय."

"तेच ते."

"आहे तसं वाच. एक शब्द बदललास तर साहेब म्हणतील बाकीचंही बदललंय."

पट्टीने तोंडावर हात धरला. मी वाचलं. "घोडा सात दहाला परत. उजवे खडे नऊ, डावे शून्य. ओट्यावर चालताना उजवा पाय धप्प, डावा गुपचूप. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चालता येईना आणि फरशी माझी." पुढे, "९ जुलै. तळ्याचा चिखल उजव्याला बशीएवढा, डाव्याला नाही. एकाच पायाने चिखलात जातात की काय? मुद्दाम करतात." साहेबांचं पेन थांबलं. "२१ जुलै. उजवे सात, डावा एक. आज उजवा गुडघा चोळत होत्या. चोळा म्हणावं." मग १७ ऑगस्टचं पान आलं आणि मी खोकले.

"वाच की," वन्सं म्हणाल्या.

"वय एकसष्ट, अक्कल तेरा."

खात्यातलं एक मशीन चालू होतं, तेही कोणीतरी बंद केलं.

"खडे किती होते त्या दिवशी?" वन्संनी विचारलं.

"उजवे आठ. डावे शून्य."

"मग पुढे वाच."

असं मी ब्याण्णव दिवसांचं वाचलं. मध्ये पाणी प्यायले. ३० ऑगस्टचं मी भरभर वाचलं: "पाऊस जोराचा. सात पंचवीस झाले तरी वन्सं आल्या नाहीत. चहा दोनदा गरम केला. सात चाळीसपर्यंत दारात उभी. आल्या. म्हणाल्या, कातळावर उजवा पाय सटकला, डाव्याने धरलं म्हणून वाचले. खडे मोजले नाहीत." साहेबांनी ते पान पुन्हा वाचायला लावलं.

सगळं संपल्यावर साहेब म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण तक्रार करणारं माणूस वाढवून सांगतं."

"सांगते ना," वन्सं म्हणाल्या. "पण वाढवायचं तर तिने दोन्हीकडे वाढवलं असतं. माझा डावा पाय तिचा लाडका आहे असं तुम्हाला वाटतं का? आणि दोन तळ वेगळे आहेत हे तिला कालपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं, यांनी घासून सपाट केला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग फर्मेवाले बोलले. "खडे कुठे टाकलेत?"

"कोरफडीच्या कुंडीत. मातीत मिसळते. पाण्याचा निचरा चांगला होतो."

त्या दुपारी फर्मेवाले आणि पट्टी आमच्या मागच्या पायरीवर बसली. साहेबही आले, पँटला माती लागू नये म्हणून उभे राहिले. मी कोरफड उपटली आणि कुंडी वर्तमानपत्रावर उलटी केली. फर्मेवाल्यांनी मापाच्या चिमट्यात एकेक खडा धरायचा, आकडा सांगायचा, पट्टीने लिहायचा. वाटाण्यापेक्षा लहान, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, बहुतेक सगळे एवढेच. उजव्या बुटाच्या खाचा नेमक्या त्याच रुंदीच्या होत्या. जणू आमच्या टेकडीने खडे साहेबांचं माप बघून घडवले होते. आत गेला की बसलाच. डाव्याच्या खाचा दीडपट रुंद आणि उथळ. खडा यायचा आणि पुढच्या पावलाला आपला निघून जायचा.

डायरीप्रमाणे खडे सहाशे एक्केचाळीस व्हायला हवे होते. भरले सहाशे अडतीस. साहेब म्हणाले, तीनने काही बिघडत नाही. मी त्यानंतर दोनदा कुंडी शोधली.

साहेब मानी माणूस, पण डोळ्यांसमोर ढीग असल्यावर काय करतील? साचा डाव्याचा पाडायचं ठरलं. फक्त टाचेखाली नखाएवढं जास्त रबर घालायचं, ग्राहकांसाठी, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

"ग्राहकांना स्वतःची टाच नसते का?" वन्संनी विचारलं.

"तेवढं माझं राहू दे," साहेब म्हणाले. वन्संनी राहू दिलं. मीही त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर पायरी पुसली.

साचा व्हायला, मग त्यातून पहिले जोड निघायला पाच महिने लागले. तोवर वन्सं खिडकीशी बसल्या, पण टेकडीकडे तोंड करून. मी रोज सकाळी पायरी पुसायचे आणि सातला उगाच दार उघडून बघायचे. डायरीतले दोन रकाने मी आखून ठेवत होते. त्यात काही लिहायचं नव्हतं, तरी.

फेब्रुवारीत पट्टी स्वतः दोन खोके घेऊन आली. पहिल्यात वन्संचे बूट. वन्संनी पाय घातला आणि आत बोटं हलवून बघितली. पाचही हलली. मग मला म्हणाल्या, "दाब." मी वाकून पुढून दाबलं. आत जागा होती. त्या घरात दोन फेऱ्या मारून आल्या. दोन्ही पाय गुपचूप.

दुसरा खोका माझ्यापुढे सरकवला.

"हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुझी सँडल बघून डॉक्टरांना झोप लागत नसेल."

"पण माझं माप कोणी घेतलं?"

"मी. मोरीतून ओल्या पायांनी बाहेर आलीस की फरशीवर उमटतं ना. तू पुसायच्या आत घेतलं, पट्टीच्या पट्टीने." वन्सं हसायला लागल्या. "फर्मेवाल्यांना वेगळा फर्मा घासावा लागला. म्हणाले, चाळीस वर्षांत असा अंगठा पाहिला नाही. पूर्ण वाक्य बोलले."

मी ते बूट घातले. अंगठे जागच्या जागी वाकडे राहिले, पण कोणाच्या अंगावर चढले नाहीत. रंग राखाडी, चकाकी मुळीच नाही. पॉलिश लागत नाही, असं पट्टीने सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सहाला वन्सं निघाल्या. मी नवे बूट घालून मागच्या दारात उभी राहिले. मुरमाची चढण दारातून दिसते, कातळही थोडा दिसतो, मग टेकडी वळते. वन्सं आधी हळू गेल्या, एकेक पाऊल टेकवून बघत. मग चढणीच्या मध्यावर त्यांनी हात मोकळे सोडले आणि पळायला लागल्या. वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. मग त्या दुसऱ्या बाजूने केव्हा दिसतील म्हणून आणखी थोडा वेळ.

मंगळवार, १० फेब्रुवारी. वन्सं सहाला गेल्या, सात दोनला परत. खडे: डावे शून्य, उजवा एक. दूध उतू गेलं. शेगडी दोनदा पुसावी लागली.